खाडीवरचं हाड

आमचा पूल बारीक होत चाललाय, हे मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईने तव्यावरची भाकरी उलटत विचारलं, "जेवत नाय काय तो?"

शास्त्रीयदृष्ट्या प्रश्न अचूक होता. पूल खरंच जेवत नव्हता.

आमचं तुरवडे खाडीच्या उत्तरेला आणि बोरखोल दक्षिणेला. मधे खाडीचं तोंड आणि त्यावर नऊशे मीटरचा झुलता पूल. झुलता पूल म्हणजे दोन उंच मनोरे, त्यांच्यावरून टाकलेले दोन जाडजूड मुख्य दोर, त्या दोरांची टोकं दोन्ही काठांवर दाबून धरणारे काँक्रीटचे डोंगर, आणि मुख्य दोरांपासून खाली लोंबणारे शेकडो लहान दोर. या लोंबत्या दोरांनी रस्ता उचलून धरलेला असतो. थोडक्यात, कपडे वाळत घालायची दोरी कुणी फारच मनावर घेतली की झुलता पूल तयार होतो.

पहिला पूल पोलादी दोरांचा होता. खाऱ्या वाऱ्याने तो बाहेरून छान दिसत राहिला आणि आतून संपला. तपासणीला आवरण उघडलं तेव्हा आतून तिखटासारखी लाल पूड निघाली. मनोरे शाबूत होते, पण त्यांच्यावर टांगायला काही उरलं नव्हतं. तेव्हा पुण्याहून डॉ. लोकरे मॅडम आल्या. त्यांनी दोराऐवजी हाड आणलं.

हाडावर भार आला, ते जरासं वाकलं किंवा ताणलं गेलं, की त्यात अगदी क्षीण वीज तयार होते. त्या इशाऱ्यावर काही पेशी तिथे चुना आणून लिंपतात. जिथे इशारा येत नाही तिथला चुना दुसऱ्या पेशी खरवडून नेतात. म्हणून अंतराळात महिनोन् महिने तरंगून आलेल्या माणसांची हाडं ठिसूळ झालेली असतात. लोकरे मॅडमनी हे काम करणारे सूक्ष्मजीव घडवले आणि धाग्यांच्या दोरांमध्ये वसवले. दोरातल्या बारीक नळ्यांतून गाळलेलं खाडीचं पाणी फिरायचं, त्यातून त्यांना चुना मिळायचा. असा दोर गंजत नाही. चीर पडली तर आपली आपण भरतो. जुन्या मनोऱ्यांवर नवे दोर चढले आणि आमचा पूल जगातला पहिला सजीव पूल झाला. रेशनकार्ड तेवढं मिळालं नाही.

एक गोष्ट मात्र प्रयोगशाळेत कळली नव्हती. हाडाला नुसता टांगलेला भार पुरत नाही, त्याची त्याला सवय होते. त्याला हादरे लागतात. पावलं लागतात, चाकं लागतात. प्रयोगशाळेतला नमुना वर्षानुवर्षं धष्टपुष्ट राहिला, कारण वरच्या मजल्यावर कथकचा वर्ग चालायचा. हे कुठल्याही शोधनिबंधात आलं नाही.

आमच्या पुलावरून ट्रक आणि एसट्या जात होत्या तोवर पूल खाऊन-पिऊन सुखी होता. मग वरच्या अंगाला सागरी महामार्गाचा नवा पूल झाला आणि सगळी वाहनं तिकडे गेली. पूल खंगायला लागला. तेव्हा बांधकाम विभागाने 'पूल चालवा' योजना आणली. दोन्ही गावांतल्या लोकांनी रोज पुलावर फेऱ्या मारायच्या. त्यांना फेऱ्या मारायला लावण्यासाठी एक माणूस नेमला. तो मी. शौर्य भाटकर, पदनाम भार-सहायक. माझं नाव ठेवताना आईबापांनी घाई केली, हे पुढे दिसेलच.

सुरुवातीला लोक आनंदाने चालले. साखर कमी झाली, गुडघे सुधारले, लग्नं जमली. माझंही तिथेच जमलं. मृण्मयी घवाळी बोरखोलच्या शाळेत लेझीम आणि कवायत शिकवायची. पोरींची रांग घेऊन ती पुलावर यायची आणि माझ्या यंत्रांवरचे काटे उडायचे. इतकी शिस्तबद्ध पावलं मी पाहिली नव्हती. मी तसं तिला सांगितलं. तिला ती माझी प्रेम व्यक्त करण्याची पद्धत वाटली. होतीही.

आता भांडण.

तुरवड्याची पावणाई आणि बोरखोलची भावकाई या बहिणी. शिमग्याला दोघींच्या पालख्या पुलावर मधोमध भेटतात. बरोबर मधोमधच, कारण थोरली कोण हे ठरलेलं नाही. धाकटीने थोरलीकडे जायचं असतं. म्हणून पुलाच्या मध्यावर पांढरी रेष मारलेली आहे, आणि दोन्ही पालख्या रेषेपाशी थांबून नाचतात.

गेल्या शिमग्याला रेष हातभर तुरवड्याकडे सरकलेली निघाली. कारण सोपं होतं. तुरवड्याचे लोक जास्त चालले होते, आमच्या बाजूच्या मुख्य दोराला चुना जास्त चढला, तो कमी ताणला गेला आणि रस्ता आमच्याकडे ओढला गेला. मी हे पुराव्यासकट समजावलं. बोरखोलच्या लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निष्कर्ष काढला की तुरवड्याच्या भार-सहायकाने रेष पुसून नवी मारली.

हे एकवेळ चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी आमच्या गावाने माझा सत्कार केला.

आमचे भाईकाका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ आणि पालखीचे मानकरी, त्यांनी मला शाल घातली. "झिला, नाव काढलंस! भावकाईक हातभर चालवलंस. आता धाकटी कोण ता सगळ्यांक कळला."

"काका, मी रेष नाही सरकवली."

"बरोबर. असाच बोलत रव."

नारळ हातात घेतलेला माझा फोटो संध्याकाळपर्यंत बोरखोलच्या प्रत्येक फोनवर पोचला. मिनू, म्हणजे आता माझी बायको असलेली मृण्मयी, बोरखोलच्या पालखीबरोबर माहेरी गेली होती. तिचे वडील, संदेश घवाळी, तिकडचे मानकरी. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. आप्पांनी तो फोटो तिला दाखवला आणि एवढंच विचारलं, "ह्या घरात परत जातलंस?"

बोरखोलने पुलावर पाऊल न ठेवण्याची शपथ घेतली. मग तुरवड्यानेही घेतली, कारण एकट्या बोरखोलने शपथ घेतलेली बरी दिसेना. महामार्गाने वळसा घालून दुसऱ्या गावात जाणाऱ्याला वाळीत टाकायचं ठरलं. वाळीत टाकणं कायद्याने गुन्हा आहे, म्हणून कुणी कुणाला टाकलं नाही. फक्त त्या घरच्या माणसाला दुकानात साखर मिळत नव्हती, आणि पिठाची गिरणी त्याला पाहताच बंद पडायची.

पूल पुन्हा बारीक व्हायला लागला तो तेव्हा. मी एकटाच रोज आमच्या अर्ध्यात उड्या मारायचो. नऊशे मीटरच्या हाडाला एका माणसाच्या उड्या म्हणजे हत्तीला मुंगीने केलेलं मालिश. शेवटी मी मिनूला फोन केला.

"तू तिकडून चाल. मी इकडून चालतो. तुझ्या शाळेतल्या मुलींनाही आण."

ती म्हणाली, "चार महिन्यांनी फोन केलास."

"तू उचलत नव्हतीस."

"आज उचलला. आणि तू काय बोललास? चाल म्हणालास. शौर्य, खरं सांग. तुला मी हवी आहे की माझं वजन?"

इथे कुठल्याही नवऱ्याने पहिला पर्याय निवडला असता. मी म्हणालो, "दोन्ही एकदमच येतं ना."

फोन बंद झाला. रात्री मला लक्षात आलं की मी हिशेबात तिचं वजन लग्नाच्या वेळचं धरलं होतं. हे तिला कळवावं की नाही यावर मी बराच विचार केला. नाही कळवलं. शौर्याचं म्हणाल तर तेवढंच.

पूल वाचला तो विभागामुळे, आणि तोही चुकून. लोकांना उत्तेजन मिळावं म्हणून त्यांनी दोन्ही मनोऱ्यांवर मोठे फलक लावले. आपापल्या बाजूचा पूल किती जाड आहे त्याचा आकडा त्यावर दिसायचा. भाईकाका फलकासमोर कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. मग दुर्बीण मागवून त्यांनी समोरचा फलक वाचला.

"शौर्या, आपला हाड जास्त जाड मा?"

"थोडंसं."

"थोरल्या बहिणीचा हाड जाड असता," काका म्हणाले. "हो पुरावो."

मी त्यांना दुरुस्त केलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे अख्खं तुरवडे पुलावर होतं. पुलावर पाऊल न ठेवण्याची शपथ होती. पण आपल्या अर्ध्यावर पाऊल ठेवणं म्हणजे पुलावर ठेवणं नव्हे, असा खुलासा भाईकाकांनी केला. ही बातमी बोरखोलला पोचली आणि तिकडून लेझमांचा आवाज यायला लागला. म्हातारे चालले, नवरदेव वरातीसकट चालले. एका कुटुंबाने बारसं पुलावर केलं आणि पाळण्याऐवजी पाहुण्यांना उड्या मारायला लावल्या. मुंबईकरांना फोन गेले: गणपतीला नाही आलात तरी चालेल, पण हाडाला या.

फलकांवरचे आकडे चढत गेले. लोकरे मॅडमनी माझं अभिनंदन केलं. आईसुद्धा संध्याकाळी चालून यायची आणि म्हणायची, "आज पोटभर जेवलो हो पूल." मी खूश होतो. खरं सांगायचं तर भांडण मिटू नये असंही मला अधूनमधून वाटायचं, आणि मग मिनूची बंद खोली दिसली की तसं वाटल्याची लाज वाटायची.

फाल्गुन लागला तसा मी मोजमाप घेत मध्यापर्यंत गेलो. आणि रेषेपाशी माझे पाय थांबले.

मुख्य दोरांचं सोपं असतं. त्यांच्यावर कुठेही चाललं तरी थोडाफार ताण सगळीकडे पोचतो. लोंबत्या दोरांचं तसं नाही. जो दोर ज्या जागेचा रस्ता धरतो, त्याला त्याच जागेवरची पावलं मिळतात. आणि इतके महिने दोन्ही गावं आपापल्या अर्ध्यात चालली होती. रेष ओलांडणं म्हणजे समोरच्या देवीकडे जाणं, म्हणजे आपण धाकटे. म्हणून मान राखून सगळे रेषेच्या बरेच अलीकडूनच वळायचे. बाकीचे लोंबते दोर मनगटाएवढे झाले होते. मधले माझ्या करंगळीएवढे उरले होते. फलकावर अर्ध्या पुलाची सरासरी दिसायची. सरासरीत करंगळ्या दिसत नाहीत.

शिमगा तोंडावर होता, आणि दोन पालख्या, दोन ढोलपथकं आणि दोन गावं नेमकी तिथेच येऊन नाचणार होती. भाईकाका, आई, आप्पा, मिनूच्या लेझमीच्या पोरी, सगळे.

विभागाने सांगितलं, पोलादी दोर बांधून देऊ, निविदा शिमग्यानंतर उघडेल. पोलिसांनी फलक लावला: पुलाच्या मध्यभागी एका वेळी फक्त पन्नास माणसं. दोन्ही गावांनी तो आदराने वाचला. दोघांचंही मत पडलं की समोरच्या गावाला चांगली अद्दल घडली. मी देवळात पडदा लावून करंगळीएवढ्या दोरांचे फोटो दाखवले. भाईकाका म्हणाले, "बोरखोलातसून बरे फोटो धाडल्यानी."

त्या दिवशी मिनूनेच फोन केला. तिनेही रेषेपाशी येऊन दोर पाहिले होते.

"किती दिवस लागतील भरायला?"

"हलकी पावलं रोज पडली तर तीन आठवडे."

"शिमगा परवा आहे. मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या नवऱ्याने शिकवलेलं बोलतेस. शौर्य, पालखी नाच कधी थांबवते?"

"कधीच नाही."

"गाऱ्हाणं असताना थांबते."

ते खरं होतं. गाऱ्हाणं म्हणजे देवीसमोर माणसाने उभं राहून मांडलेली मागणी. एकेक वाक्य म्हणायचं आणि प्रत्येक वाक्याला सगळ्या गावाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गाऱ्हाणं चालू असेतो पालखी खांद्यावर स्थिर. आणि आमच्याकडचा नियम असा की एखाद्या वाक्याला "व्हय" आलं नाही, तर गाऱ्हाणं अर्धवट राहतं आणि पालखी पुढेही जात नाही, मागेही जात नाही.

"म्हणजे," मी म्हणालो, "असं वाक्य हवं की ज्याला गाव मेलं तरी व्हय म्हणणार नाही."

"तुझ्या गावासाठी तू शोध. माझ्यासाठी मी शोधलंय."

"पण बायका गाऱ्हाणं घालत नाहीत."

"घालू नये असा नियम नाही. आजवर कुणी विचारलंच नाही."

शिमग्याच्या दुपारी आमची पालखी मनोऱ्याखालून निघाली. ढोल, ताशे, गुलाल, चारशे माणसं. रस्ता पायाखाली हलत होता. मध्यापासून अजून बरंच अंतर होतं तेव्हा मी पालखीसमोर जाऊन हात जोडले.

"बाय पावणाई, आज तुझी लेकरां तुका घेऊन खाडीर इली हत."

ढोल थांबले. "व्हय म्हाराजा!"

"इतके म्हयने ती ह्या पुलार चालली, घाम गाळल्यानी."

"व्हय म्हाराजा!"

"पण रेषेर कोणी पाऊल ठेवक नाय."

"व्हय म्हाराजा!"

"म्हणान थयले दोर उपाशी रवले."

"व्हय म्हाराजा!"

पडदा लावून, फोटो दाखवून जे एकालाही पटलं नव्हतं ते चारशे गळ्यांनी एका दमात मान्य केलं. मला वाटलं, विज्ञानाचा प्रसार असाच करायला हवा. तेवढ्यात वाऱ्याबरोबर समोरून आवाज आला. बोरखोलचंही "व्हय म्हाराजा" चालू होतं, आणि त्यांच्या मधे एकटा, कवायतीचा, खणखणीत, बाईचा आवाज.

मी शेवटचं वाक्य म्हणालो. "आणि बाय पावणाई, बहिणींत तूच धाकटी."

कुणी खोकलंसुद्धा नाही. समोरही त्याच क्षणी सामसूम झाली. मिनूचं वाक्य काय असणार ते मला कळलं.

भाईकाकांचा चेहरा गुलालाखाली पांढरा पडला. "वाक्य माघारी घे."

"गाऱ्हाण्यातलं वाक्य माघारी घेता येत नाही, काका."

"तू माझ्या भावाचो झील. ह्या देवीसमोर तुझा बारसा झाला."

"व्हय," मी म्हणालो. ते एकट्याचंच होतं.

ऊन कलायला लागलं. भोयांचे खांदे अवघडले. आई गर्दीत होती, ती माझ्याकडे बघत नव्हती. मग मागून कुणीतरी पुटपुटलं, "म्हणा व्हय आणि चला पुढे. उद्या बघून घेव." डोकी हलायला लागली. भाईकाकाही विचारात पडले. समोर आप्पांच्या भोवती असंच काहीतरी चाललेलं दिसत होतं. आता कुणाला तरी "व्हय" म्हणायचा मोह होणार आणि दोन्ही गावं मधे धावणार.

मी वळलो आणि रेषेकडे चालायला लागलो. रेषेवर माणूस उभा असला तर निदान त्याला तुडवायला लाजतील, एवढाच हिशेब होता. समोरून मिनू निघाली होती. वर्षभरात मी तिला पाहिलं नव्हतं. ती बारीक झाली होती. ती हातभर अंतरावर आली आणि थांबली.

"काहीतरी बोल," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं, आणि डोक्यावर आवाज झाला. फार मोठा नाही. ऊस मोडल्यासारखा. एक लोंबता दोर मधेच तुटला, त्याचं खालचं टोक कठड्यावर आपटलं आणि आमच्या पायाखालचा रस्ता एका कोपऱ्यात वीतभर खाली गेला. मिनूने माझी बाही धरली. पांढरी पूड आमच्या केसांवर पडत राहिली.

दोन माणसांचं वजन. चारशेंनी ते पाहिलं आणि समोरच्या चारशेंनीही.

भाईकाका रस्त्यावर खाली बसले. मग त्यांनी पावणाईकडे बघून, तिला एकटीला सांगावं तसं म्हटलं, "व्हय म्हाराजा." गावाने ते उचललं नाही, पण मानकऱ्याचं एकट्याचं पुरतं. समोरून आप्पांचा घोगरा आवाज वाऱ्यावर आला. तोच शब्द. गाऱ्हाणी पुरी झाली. पालख्या देवींची तोंडं खाडीकडेच ठेवून उलट्या पावलांनी मागे सरकल्या, ढोलाशिवाय.

लोकरे मॅडमचा फोन आला. पुण्यात बसून त्यांना आकडे दिसत होते. "एका बाजूला दोघं जाऊ नका. शेजारचे दोर आता जास्तीचा भार घेतायत. एकाने इकडे, एकाने तिकडे. हळू."

मी मिनूकडे पाहिलं. "तू बोरखोलला जा. मी तुरवड्याला."

"आज तिकडे मला कोण घरात घेईल? आप्पांना धाकटं करून आलेय मी."

"मलाही तिकडे कोण घेणार?"

ती म्हणाली, "तुझी आई सुनेला घेईल. आप्पा जावयाला दारातून परत पाठवणार नाहीत, ते रीतीत बसत नाही. शिव्या देतील, पण वाढतील." आणि तिने माझी बाही सोडली, माझ्या अंगावरून पुढे गेली आणि तुरवड्याकडे चालू लागली. मी तिची पावलं मोजत थांबलो आणि मग तिच्या गावाकडे निघालो. समोर आप्पा फेटा हातात घेऊन उभे होते.

नवे दोर चढायला पावसाळा उलटेल म्हणतात. गावांनी आता चालणं सोडलंय. जाड हाडाला मान उरलेला नाही. दोन्ही देवी धाकट्या ठरल्यामुळे थोरली कोण हा प्रश्न मिटला आणि जास्त धाकटी कोण हा सुरू झाला. मधला रस्ता तोडून टाकलाय. उरलेले दोन अर्धे नवे दोर येईतो नुसते तगवायचे तर कुणीतरी रोज चालायला हवं, आणि एकही दिवस चुकवून चालत नाही. म्हणून तुरवड्याचा अर्धा मिनू चालते, बोरखोलचा मी. तुटलेल्या टोकांपाशी आम्ही दोघं येतो. मधे वारा असतो, बोललेलं नीट पोचत नाही, म्हणून हात करतो. मग ती माझ्या आईने केलेलं जेवायला जाते, आणि मी आप्पांच्या शेजारी, त्यांच्याकडे न बघता, पानावर बसतो. लग्न झाल्यावर एकाने सासरी जायचं असतं. सध्या आम्ही दोघंही सासरी आहोत.